नऊ वर्षांच्या मुलीला स्पर्धेत उतरवावे का? किती, कधी आणि कसे

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी नऊ वर्षांची, येत्या नोव्हेंबरात दहा पूर्ण होतील. दोन वर्षे बॅडमिंटन शिकते आहे. सर म्हणतात आता जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवा. पुढच्या महिन्यात ११ वर्षांखालील गटाची स्पर्धा आहे. आजी-आजोबांना वाटते एवढ्या लहान वयात हार-जीत कशाला. वडिलांना शाळेची काळजी. स्पर्धेने मुलांचा खरोखर फायदा होतो का, आणि होत असेल तर किती स्पर्धा खेळवाव्यात?

फायदा होतो. पण खेळाचा फायदा आणि स्पर्धेचा फायदा यांची सरमिसळ झाली की घरात वाद सुरू होतात, म्हणून आधी ते वेगळे करू. हाडे, स्नायू, दमसास, भूक, गाढ झोप हे सगळे रोजच्या खेळातून मिळते. त्यासाठी स्पर्धेचा फॉर्म भरावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि त्यात आठवड्याचे किमान ३ दिवस जोरकस, हाडा-स्नायूंना ताकद देणारा खेळ असावा. उड्या मारणे, पळता पळता अचानक वळणे, थांबणे या धक्क्यांनी वाढत्या वयात हाडे भरतात. मोठेपणी अंगात जेवढे हाड असते त्याचा सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या आगेमागच्या दोन वर्षांत तयार होतो. मुलींत तो काळ साधारण साडेअकरा-बाराच्या सुमाराचा, मुलांत साडेतेरा-चौदाच्या. तुमच्या मुलीची पुढची तीन वर्षे त्या दृष्टीने मोलाची आहेत, मग ती स्पर्धा खेळो वा न खेळो.

स्पर्धेतून मिळते ते वेगळेच. सरावात समोरची मुलगी मैत्रीण असते, शटल ओळखीच्या जागी येते, चुकले तर सर लगेच दुसरे देतात. स्पर्धेत अनोळखी मुलगी मुद्दाम तिथेच टाकते जिथे आपल्याला जमत नाही. त्यामुळे काय येते आणि काय येत नाही हे अर्ध्या तासात उघडे पडते. त्या माहितीवर पुढच्या चार आठवड्यांचा सराव बदलला, तर स्पर्धा कामी आली. बदलला नाही तर एक रविवार आणि प्रवेश शुल्क गेले. स्पर्धेचे सगळे चांगले परिणाम, म्हणजे धीर, पराभव पचवणे, स्वतःची पारख, याच साखळीतून येतात, आणि ही साखळी बहुतेक घरांत पहिल्याच कडीला तुटते, कारण सामन्यातून काय मिळाले ते कोणी टिपूनच ठेवत नाही.

टिपायचे कसे, ते सांगतो. प्रेक्षकांत बसताना एक कागद आणि पेन घ्या. चार रकाने आखा: नेटमध्ये, बाहेर, सर्व्हिस चुकली, समोरच्या मुलीने मारून घेतला. आपल्या मुलीने गमावलेल्या प्रत्येक गुणाला त्या त्या रकान्यात एक रेघ. चूक बॅकहँडला, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट्या बाजूच्या फटक्याला, झाली असेल तर रेघेशेजारी ‘ब’. एवढेच. समजा गेम १४-२१ ने गेला आणि रेघा निघाल्या नेटमध्ये ८, बाहेर ६, सर्व्हिस २, समोरच्या मुलीने मारलेले ५. बेरीज २१. यातले १६ गुण समोरच्या मुलीने कमावलेले नाहीत, आपण दिलेले आहेत. पण कागद नसेल तर आई-वडिलांच्या लक्षात राहतात ते पाच कडक स्मॅश, कारण टाळ्या त्यांना पडल्या. मग घरी जाताना ‘तिचा स्मॅश बघितलास का’ अशी बोलणी होतात आणि पुढचा महिना स्मॅशच्या मागे जातो. नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या सामन्यात स्मॅशने फार थोडे गुण जातात. जी मुलगी एक शटल जास्त परत टाकते ती जिंकते.

आता नेटमधल्या आठ रेघांपैकी सहांच्या शेजारी ‘ब’ आहे असे धरा. पाहणाऱ्याला वाटेल बॅकहँड कच्चा आहे. बरेचदा हात ठीक असतो आणि पाय उशिरा पोचतात. मुलगी फटका मारते आणि तो कुठे पडला ते बघत उभी राहते. मधोमध परत येत नाही. पुढचे शटल डाव्या मागच्या कोपऱ्यात आले की तिथवर जायला एक पाऊल कमी पडते, शटल अंगामागे जाते आणि मनगटाने कसेबसे ढकललेले नेटमध्ये अडकते. सरावात हे कळत नाही, कारण तिथे शटल कुठे येणार हे आधीच ठरलेले असते. यावर उपाय आठवड्यातून तीनदा १५-२० मिनिटांचा आहे. सरांनी दहा-दहा शटल आलटून पालटून पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकायची. प्रत्येक फटक्यानंतर मधल्या खुणेला पाय लागला तरच तो फटका मोजायचा. तीन आठवड्यांनी पुन्हा सामना, पुन्हा कागद. ‘ब’च्या रेघा सहावरून तीनवर आल्या तर मुलीला ते दाखवा. त्या दिवशी ती हरली असली तरी तिला दिसते की आपण सुधारलो. पराभव पचवायला शिकवणे म्हणतात ते याहून वेगळे काही नसते.

आजी-आजोबांची शंका रास्त आहे, तिला जुन्या विचारांची म्हणून उडवून लावू नका. मेहनत आणि कुवत यांतला फरक मुलांना साधारण ११-१२ वर्षांपर्यंत पुरता उमगत नाही. त्याआधी ‘मी हरले’ याचा अर्थ मुलाच्या मनात ‘मी वाईट आहे’ असा सहज होतो. नॉर्वेत याच कारणाने मुलांच्या खेळाची नियमावली केलेली आहे. तिथे ११ व्या वर्षाआधी निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत आणि १३ व्या वर्षाआधी राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धा घेत नाहीत. सामने मात्र भरपूर खेळवतात, सहा वर्षांच्या मुलांचेसुद्धा, फक्त जवळपासच्या क्लबांत. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदके घेतली, सगळ्या देशांत जास्त. म्हणजे लहानपणी रँकिंग नसल्याने पुढे खेळाडू घडत नाहीत, हे काही खरे नाही.

दुसरी गोष्ट प्रशिक्षकाची. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना एक छोटे प्रशिक्षण दिले: प्रयत्नाचे कौतुक करा, चूक झाल्यावर आधी धीर द्या मग दुरुस्ती सांगा, शिक्षा आणि टोमणे बंद. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अशा प्रशिक्षकांच्या हाताखालची ५ टक्के मुले पुढच्या मोसमात खेळ सोडून गेली; प्रशिक्षण न घेतलेल्यांकडची २६ टक्के. दोन्ही गटांतल्या संघांची हार-जीत सारखीच होती. म्हणून अकादमी निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्यांपेक्षा एखादे मूल सलग तीन गुण चुकते तेव्हा सर काय बोलतात ते ऐका. एक संध्याकाळ बाकावर बसलात तरी कळेल.

तिसरी गोष्ट बॅडमिंटनपुरती खास आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या ९ ते १३ वयाच्या ११ हजारांहून जास्त मुलांची एक पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांत चिंता, उदासी, एकलकोंडेपणा न खेळणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. पण फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्या मुलांत तो न खेळणाऱ्यांपेक्षाही जास्त होता. अशा पाहणीने कारण सिद्ध होत नाही; मुळात हळवी मुले टेनिस-जिम्नॅस्टिककडे वळत असतील असेही असू शकते. तरी एकट्याने कोर्टवर उभे राहून हरणे जड असते, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. त्यावर सोपा तोडगा म्हणजे दुहेरी. पहिली दोन वर्षे एकेरीइतकीच दुहेरी खेळवा आणि अकादमी-अकादमींतल्या सांघिक लढती मिळाल्या तर त्या आधी घ्या. शाळेत खो-खो असेल तर त्यातही घाला. आठ जणी पाटीवर, एक पाठलागावर, आणि आपण बाद झालो तरी डाव पुढे चालू राहतो. शिवाय खो-खोतले बसून उठणे, दिशा बदलणे, खांबाला वळसा घालणे हे बॅडमिंटनच्या फूटवर्कला थेट लागू पडते. लंगडीसुद्धा. एका पायावर तोल सांभाळत वळायला लंगडीइतका चांगला आणि बिनखर्चाचा व्यायाम दुसरा नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो.

एकाच खेळाला लहानपणी जुंपण्याची घाई आपल्याकडे अलीकडे फार वाढली आहे. ठाण्यातल्या बॅडमिंटन हॉलला ज्यांचे नाव आहे ते खंडू रांगणेकर १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारताकडून ३ कसोटी खेळलेले डावखुरे फलंदाज होते आणि बॅडमिंटनही तितक्याच हौसेने खेळत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही एका खेळावर लक्ष शक्यतो १५-१६ व्या वर्षापर्यंत केंद्रित करू नये असा आहे.

आता किती खेळवायचे ते पाहू. इथे हिशेब करावा लागतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा नॉकआऊट असतात. ६४ जणींचा ड्रॉ असेल तर पहिल्याच फेरीत ३२ मुली एक सामना खेळून घरी जातात. पूर्ण स्पर्धेत ६३ सामने होतात, म्हणजे एका मुलीच्या वाट्याला सरासरी दोनसुद्धा येत नाहीत. आणि नवख्या मुलीची पहिली फेरी मानांकित मुलीशी पडली तर दहा मिनिटांत ३-२१, ४-२१ होऊन जाते. त्या कागदावर उपयोगाचे काही उमटत नाही, कारण रॅलीच होत नाही. सकाळी सातला निघून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तासभर रखडून, चार तास बाकावर बसून दहा मिनिटांचा खेळ. एवढ्यासाठी मुलाला दर रविवारी नेण्यात शहाणपण नाही.

म्हणून या वयात जिल्ह्याची स्पर्धा सहा ते आठ आठवड्यांतून एक पुरे. त्याच्या मधल्या काळात दर पंधरवड्याला अकादमीतच लीग लावून घ्या. आठ मुले, चार-चारचे दोन गट, प्रत्येकाने गटातल्या प्रत्येकाशी २१ गुणांचा एक गेम. एकूण १२ गेम होतात, एक गेम दहा-बारा मिनिटांचा धरला तर एका कोर्टवर सव्वादोन तासांत आटोपते. प्रत्येक मुलाला तीन गेम मिळतात, कुणी एका पराभवाने घरी जात नाही, अंपायरिंग आणि गुण लिहिणे मुलेच करतात. गट करताना सारख्या ताकदीची मुले एकत्र ठेवा. दहांपैकी तीन ते सात गेम जिंकेल अशा पातळीवर मूल खेळत असेल तर ते शिकते. दहापैकी दहा जिंकणारे आळसावते, नऊ हरणारे खेळ सोडायची कारणे शोधायला लागते. सरांना पाच-सहा पालकांनी मिळून सांगितले तर बहुतेक जण हो म्हणतात.

आठवड्याच्या तासांना एक मर्यादा ध्यानात ठेवा: शिस्तीतल्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत. त्यापुढे गेलेल्या मुलांत अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त आढळतात. तुमच्या मुलीसाठी ७५ मिनिटांची चार सत्रे म्हणजे ५ तास, अधिक पंधरवड्याची लीग, इतके खूप झाले. सोसायटीतला पोहण्याचा किंवा स्केटिंगचा क्लास असेल तर तोही याच हिशेबात येतो. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांनी, मुख्य खेळापासून लांब. मे महिना त्यासाठी उत्तम. गावी जाऊ द्या, झाडावर चढू द्या, विहिरीत नाही तर नदीत मोठ्यांच्या देखरेखीखाली पोहू द्या. उन्हाळी शिबिर बुडाले म्हणून कुणाचा खेळ बुडत नाही.

सामन्याच्या दिवशी गोष्टी बिघडतात त्या बहुधा ठरलेल्याच. पहिली म्हणजे वेळ. हजेरी नऊची आणि सामना साडेबाराला, असे सर्रास होते. मूल आल्या आल्या जोरात वॉर्मअप करते, मग तीन तास थंड बसते आणि ऐन वेळी अंग आखडलेले असते. अंपायरच्या टेबलावर आपल्या आधी किती सामने आहेत ते विचारा आणि दोन सामने उरले की मगच सुरू करा: पाच मिनिटे दोरीच्या उड्या, पाच मिनिटे हात-पाय-घोट्यांची हालचाल, पाच मिनिटे शॅडो, म्हणजे शटलशिवाय नुसत्या पावलांचा आणि फटक्यांचा सराव. दुसरी गोष्ट उकाडा. शटल वाहवत जाऊ नये म्हणून हॉलचे पंखे बंद असतात आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही. या वयाच्या मुलांना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी हवे, तहान लागण्याची वाट न बघता. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळला असेल तर औषधाच्या दुकानातले खरे ओआरएस, पुडीवर लिहिले असेल नेमक्या तेवढ्याच पाण्यात. तयार गोड पेये पाजू नका. खाणे सामन्याच्या दोन-तीन तास आधी: पोहे, उपमा, इडली, चपाती-भाजी. मध्ये केळे, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. हॉलबाहेरचा वडापाव शेवटच्या सामन्यानंतर खुशाल खाऊ द्या. आदल्या रात्रीची झोप सगळ्यात महत्त्वाची. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास लागतात. सकाळचा सामना असेल तर नऊला दिवे बंद.

पोटात दुखणे, दोनदा-तीनदा बाथरूमला जाणे, हात गार पडणे हे घाबरल्याचे साधे लक्षण आहे आणि चांगल्या खेळाडूंनाही होते. त्यावर ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून काहीही होत नाही. घाबरल्यावर मुठीची पकड घट्ट होते, मनगट फिरत नाही, आणि उंच सर्व्हिस मागच्या रेषेपर्यंत जायच्या ऐवजी मध्यावर पडते. तिथून समोरची मुलगी आरामात मारते. म्हणून मुलीला करायला काहीतरी द्या. पाठ वळवून मागच्या रेषेपर्यंत जायचे, एक लांब श्वास सोडायचा, रॅकेट बोटांत एकदा सैल फिरवायची, मग सर्व्हिस. आणि पहिल्या पाच सर्व्हिसपुरते एकच लक्ष्य: उंच आणि शेवटच्या रेषेजवळ. गुण कुणाला मिळाला ते बघायचे नाही. पाचवीपर्यंत अंग मोकळे झालेले असते.

गेममध्ये ११ गुण झाले की ६० सेकंदांची विश्रांती मिळते, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटे. आपल्याकडच्या स्पर्धांत या साठ सेकंदांत सर, आई आणि बाबा तिघेही एकदम बोलत असतात. मुलगी एकाचेही ऐकत नाही, फक्त चेहरे बघते. ठरवून घ्या की बोलणार एकच जण. पहिली वीस सेकंदे पाणी आणि श्वास, मग एक वाक्य, आणि तेही काय करायचे याचे: ‘तिच्या बॅकहँडला उंच टॉस टाकत राहा.’ काय करू नको ते सांगितले तर मुलांच्या डोक्यात नेमके तेच घोळते. उरलेल्या वेळात गप्प.

सामना संपल्यावर पहिला अर्धा तास खेळाबद्दल घरच्यांनी अवाक्षर काढू नये. रडत असेल तर रडू द्या, जवळ बसा. ‘असू दे गं, तिचे नशीब’ हेही नको. मुलांना ते खोटे आहे हे कळते आणि समोरच्या मुलीच्या मेहनतीचाही तो अपमान आहे. गाडीत आई-बाबांनी केलेले विश्लेषण हे मुले खेळ सोडण्यामागचे एक मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संध्याकाळी जेवणानंतर तिनेच वहीत तीन ओळी लिहायच्या: जमलेल्या दोन गोष्टी, सरावात घ्यायची एक. त्या पानाला रेघांचा कागद चिकटवून सोमवारी सरांना दाखवायचा. सर बघत नसतील तर त्यांना विनंती करा. तरीही बघत नसतील तर स्पर्धांचा आग्रह त्यांनी धरू नये.

वयोगटाबद्दल एक खुलासा, कारण तुमची मुलगी नोव्हेंबरची आहे. बॅडमिंटनमध्ये आणि शालेय स्पर्धांत वय १ जानेवारीच्या हिशेबाने धरतात. त्यामुळे ११ खालील गटात तिच्याहून दहा महिन्यांनी मोठी मुलगी समोर येऊ शकते, आणि पुढच्या वर्षी १३ खालील गटात गेली की तब्बल बावीस महिन्यांनी मोठी. या वयात बावीस महिने म्हणजे उंचीत, ताकदीत, समजेत मोठी तफावत. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले निवडीत जास्त दिसतात हे जगभर अनेक खेळांत आढळले आहे. कॅनडातल्या आइस हॉकीवर तर १९८० च्या दशकातच हे लिहिले गेले. पुढच्या वर्षी निकाल खालावले तर मुलीचा खेळ बिघडला असे समजू नका. त्या वर्षात स्पर्धा कमी आणि लीग जास्त ठेवा.

दुखापतींचे दोनच मुद्दे, पण ते पाळाच. दर तीन महिन्यांनी भिंतीला पाठ लावून उंची मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली तर वाढीचा झपाटा आला असे धरा आणि उड्या व लंजेस (एक पाय लांब पुढे टाकून वाकणे) काही आठवडे निम्म्यावर आणा. हाडे आधी लांबतात, स्नायू मागून ताणले जातात, आणि ते जिथे चिकटलेले असतात तिथे, टाचेच्या मागे किंवा गुडघ्याखालच्या उंचवट्यावर, दुखायला लागते. दुखण्याने चाल बदलली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर खेळ बंद. दोन आठवड्यांत थांबले नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ. स्प्रे मारून सामना पूर्ण करायचा नाही. दुसरा मुद्दा बुटांचा. धावण्याचे जाड, मऊ तळाचे बूट घालून कोर्टवर उतरणारी मुले घोटा मुरगाळून घेतात, कारण बाजूला झेपावताना उंच तळ कलंडतो. गम सोलचे बॅडमिंटनचे नॉन-मार्किंग बूट घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, आणि पावसाळ्यात ते पिशवीतून नेऊन हॉलमध्येच घाला. ओल्या तळाने लाकडी कोर्टवर पाय हमखास सरकतो. रॅकेट महागडी नको, हलकी हवी, आणि तार १८ ते २० पौंडांपुढे ताणू नका. जास्त ताणाने लहान हाताला फटका मागे पोचवायला कोपर आणि खांद्यातून जोर काढावा लागतो. खेळताना छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर. डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी पुन्हा कोर्टवर नाही, कितीही बरी दिसली तरी.

मुली साधारण बारा-तेराव्या वर्षी खेळ सोडतात, आणि कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात: पाळी, आखूड पांढरा पोशाख, हॉलमध्ये स्वच्छ बाथरूम नाही, सांगायला एकही बाई नाही. गडद रंगाच्या शॉर्ट्स, बॅगेत पॅड आणि एक जादा कपडा, आणि आधीच मोकळेपणाने झालेले बोलणे, एवढ्याने बरेच सावरते. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. खाणे कमी आणि सराव जास्त झाल्याचे ते लक्षण असू शकते. आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर तरी प्रत्येक पालकाने हे विचारायलाच हवे: सराव बघायला पालकांना मुभा आहे का, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर महिला प्रशिक्षक किंवा पालक असतात का, मुलांशी निरोप ग्रुपवरच होतात का. नाही म्हणणारी अकादमी कितीही नावाजलेली असो, मुलीला तिथे ठेवू नका.

वडिलांच्या काळजीबद्दल. खेळाला दिलेल्या वेळाने मार्क घसरतात असे अभ्यासांत दिसत नाही. बहुतेकांत परिणाम चांगला किंवा शून्य आहे. घसरतात ते उशिरा झोपण्याने आणि प्रवासाने. म्हणून घरापासून वीस मिनिटांत पोचता येईल अशी साधी अकादमी तासाभरावरच्या नामांकित अकादमीपेक्षा बरी. दहावी-बारावीत खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, हे खरे. पण त्यासाठी नवव्या वर्षी धावायचे कारण नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या असतात आणि महापालिका क्षेत्रातली स्पर्धा जिल्हास्तराची धरली जाते. तिथून विभाग, मग राज्य. त्या पायरीला अजून वेळ आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून घरोघरी मुलींच्या खेळाकडे लक्ष गेले आहे ही आनंदाची गोष्ट आहे. तेवढ्याच जोमाने घाईही वाढू नये, इतकेच वाटते.

पुढच्या महिन्याच्या स्पर्धेत उतरवा. एकेरीबरोबर दुहेरीचेही नाव द्या, शक्यतो रोजच्या मैत्रिणीबरोबर, म्हणजे किमान दोन सामने मिळतील. त्याआधीच्या दोन रविवारी अकादमीत २१ गुणांचे तीन-तीन गेम गुण मोजून, अंपायर ठेवून खेळवा. नुसत्या सरावातून थेट मोठ्या हॉलमध्ये नेऊ नका. जन्मदाखला आणि आधारची प्रत फॉर्मबरोबरच तयार ठेवा. आदल्या आठवड्यात जमले तर एकदा तिला तो हॉल दाखवून आणा, कारण उंच छत आणि झगमगत्या दिव्यांत शटल वेगळे दिसते आणि पहिले सात-आठ गुण त्या गोंधळातच जातात. आजी-आजोबांनाही सोबत न्या. मात्र त्यांना आधीच सांगा की स्कोअर विचारायचा नाही, ‘आज कोणता फटका मस्त बसला?’ एवढेच विचारायचे.